मेंदूवाले मामा

आमचे हे बत्तीस वर्षं मेंदू सांभाळत होते. माणसांचे. असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्याकडे जरा निरखून बघतात आणि हळूच विचारतात, "म्हणजे डॉक्टर का?" डॉक्टर नाही. वैद्यकीय कॉलेजात पहिल्या वर्षाची मुलं जिथे मृतदेहावर शिकतात, त्या शरीररचनेच्या विभागात हे परिचर होते. ओळखपत्रावर परिचर, बाकी सगळ्या जगाला मामा. विभागप्रमुखसुद्धा मामाच म्हणायचे. त्या नात्याने कितीतरी डॉक्टर मला मामी म्हणतात आणि दवाखान्यात मला रांगेत बसू देत नाहीत. ह्या नोकरीचा आम्हाला थाट काय तो एवढाच.

कामाचं कौतुक ह्यांना फार. ताजा मेंदू किती मऊ असतो ते मला लग्नानंतर आठव्या दिवशी जेवताना सांगितलं होतं. मी हातातला घास खाली ठेवला तर म्हणतात, "अगं, लोणी समज." पुढे कितीतरी दिवस मी लोण्याला हात लावला नाही. तर तो इतका मऊ, की नुसता बादलीत सोडला तर स्वतःच्याच वजनाने तळाशी बसतो आणि चपटा होतो. म्हणून त्याच्या खालच्या अंगाला जी रक्तवाहिनी असते तिच्याखालून दोरा ओवायचा, दोऱ्याची टोकं बादलीच्या कडांना बांधायची आणि मेंदू उलटा, अधांतरी, फॉर्मलिन नावाच्या उग्र औषधात लोंबकळत ठेवायचा. दोन-तीन आठवड्यांनी तो हातात धरण्याइतका घट्ट होतो. ओवताना ती वाहिनी तुटली की सगळं मुसळ केरात. बत्तीस वर्षांत ह्यांच्या हातून दोन तुटल्या, आणि त्या दोन्हींचे वार-तारीख ह्यांना पाठ होते. मी शाळेचे गणवेश शिवते. जाड पांढरा बटणं लावायचा दोरा माझ्या पेटीतून कमी का होतोय, ते तीन रिळं गेल्यावर मला कळलं. त्यावरून मी जे काही बोलले ते इथे लिहीत नाही.

शिकवणं हे ह्यांचं काम नव्हतं. शिकवायला प्राध्यापक होते. ते फळ्यावर सांगायचे, मुलं माना डोलवायची, आणि तास संपला की मागच्या टेबलाशी मामांभोवती गोळा व्हायची. "हातात घे," हे म्हणायचे, "दोन्ही हातांत. दीड किलोसुद्धा भरत नाही, आणि आपला सगळा रुबाब एवढ्यावर." मग एकेक भाग. कपाळामागचा भाग म्हणजे थांब म्हणणारा: तोंडात आलेली शिवी गिळायला लावतो, उद्याचं काम आज ठरवतो. "आमच्या घरात हा भाग मामी आहे." बाजूला, कानांपाशी, ऐकलेलं समजतं. दिसतं ते डोक्याच्या पार मागच्या टोकाला, डोळे पुढे असले तरी. खाली छोटा मेंदू, तो तोल सांभाळतो. त्याला लागून देठ, तिथून श्वास चालतो. "ह्या देठाला रविवारची सुट्टी नाही, माझ्यासारखंच." आणि त्या कानांपाशीच्या भागाच्या आत, खोल, करंगळीएवढी एक वळलेली पट्टी. डॉक्टर तिला समुद्रातल्या कुठल्याशा घोड्याचं नाव देतात. हे तिला आवक खिडकी म्हणायचे. दिवसभरात जे नवीन घडेल त्याचा कागद आधी ह्या खिडकीत येतो आणि इथून आत जातो. खिडकी बंद पडली तर नवा कागद आत जात नाही. जुनी कपाटं मात्र वेगळीकडे असतात, ती पुष्कळ दिवस शाबूत राहतात.

आणखी एक गोष्ट सांगायचे. अंगाचं सगळं दुखणं मेंदूत कळतं, पण मेंदूला स्वतःला सुई टोचली तरी त्याला काही दुखत नाही. मुलांना ह्याचं फार आश्चर्य वाटायचं. मला आता वाटत नाही.

मेंदू धड राहावा म्हणून काय करावं, ह्यावर तर ह्यांचं तोंड धरता येत नसे. रोज चाला. झोप मोडू नका. रक्तदाब, साखर तपासून घ्या. कमी ऐकू येत असेल तर लाजू नका, यंत्र लावा. हेल्मेट घाला. माणसांत जा, नवीन काहीतरी शिका. जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यालासुद्धा हे सुनवायचे. शेजारी हातात कचऱ्याचा डबा धरून ऐकायचा. बरं, लोका सांगे ब्रह्मज्ञान असंही नव्हतं. स्वतः पाळायचे. पहाटे चार किलोमीटर चालणं, दहाला झोपणं, तंबाखूचं नाव नाही. निवृत्त झाल्यावर पेटी वाजवायला शिकायला लागले आणि आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांचे कान किटवले. अगदी नाकासमोर चालणारा माणूस.

नाकाचीच गंमत सांगायची राहिली. गंमत म्हणायची म्हणून म्हणते. फॉर्मलिनचा वास असा, की ह्यांचे कपडे मी तीस वर्षं वेगळ्या बादलीत भिजवले. त्या विभागात कोणाचंच नाक धड नाही, तो त्यांचा नेहमीचा विनोद होता. एकदा गॅसवर दूध जळून पातेलं काळं झालं, घरभर धूर, आणि हे शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेले. मी ओरडले, "नाक आहे की नुसता चष्मा ठेवायला दिलंय?" हे म्हणाले, "नाक कॉलेजात जमा केलं गं." दोघंही हसलो. निवृत्तीनंतर दोन वर्षांत उरलासुरला वासही गेला. अत्तर, कांदा, रॉकेल, सगळं सारखंच. आम्ही दोघांनी, विभागातल्या झाडून सगळ्यांनी, ते फॉर्मलिनच्या माथी मारलं आणि मोकळे झालो. वास मेंदूपर्यंत नेणाऱ्या दोन नाजूक दांड्या त्याच्या खालच्या अंगाला असतात, मेंदू काढताना त्या आधी तुटतात, जपा, असं शेकडो मुलांना सांगणारा माणूस, त्यालाही स्वतःबद्दल दुसरी शंका आली नाही.

त्याच सुमाराला हे घरातल्या डब्यांना चिठ्ठ्या बांधायला लागले. कॉलेजात प्रत्येक बादलीला चिठ्ठी असायची, नंबर आणि तारीख. तशाच, दोऱ्याने बांधलेल्या. "साखर. मंगळवारी भरली." "मीठ. हे साखर नाही." मला इतका आनंद झाला! म्हटलं, तीस-पस्तीस वर्षांनी का होईना, स्वयंपाकघराकडे लक्ष गेलं. बहिणीला फोन करून सांगितलं की आमच्याकडे सूर्य पश्चिमेला उगवलाय. मग एक दिवस शर्ट धुवायला टाकताना खिशात चिठ्ठी सापडली. ह्यांचंच अक्षर. वर आमचा पत्ता, मजला, दाराचा रंग. खाली लिहिलं होतं, "बायको घरी असते. शिवणकाम करते. रागावते, पण चांगली आहे."

मी ती वाचली, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि शर्ट भिजवला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर ह्यांचाच विद्यार्थी. आता केस पांढरे झालेत त्याचे. तपासण्या झाल्या, मेंदूचा फोटो काढला. अशा फिल्म कॉलेजात मुलांना दाखवायला लावत, त्यामुळे ह्यांना त्या वाचता यायच्या. डॉक्टरने फिल्म उजेडाच्या पाटीवर लावली. हे आपणहून उठले, चष्मा वर केला आणि बोट ठेवलं. "इथे बघ. पट्टी बारीक झालीय. दोन्हीकडे. बाजूला पाणी जास्त दिसतंय." मग नेहमीच्या सवयीने विचारलं, "कोणाचा आहे रे? सत्तर-पंचाहत्तरीचे असतील ना आजोबा?"

"मामा," डॉक्टर म्हणाला, "तुमचा आहे."

हे तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. मग म्हणाले, "फोटो चांगला आलाय," आणि खुर्चीत येऊन बसले. डॉक्टरने वासाचं विचारलं तेव्हा आम्ही दोघं एकाच वेळी बोललो, "ते फॉर्मलिनमुळे." त्याने ते लिहून घेतलं. नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की ह्या आजारात वास कधीकधी फार आधी जातो. मामांचा कशामुळे गेला ते आता कोणीच सांगू शकणार नाही. मी म्हटलं, "तेव्हाच कळलं असतं तर?" तो म्हणाला, "मामी, थांबवता आलं नसतं." मी विचारलं, "मग एवढं चालले, एवढे झोपले, त्याचा उपयोग काय?" म्हणाला, "त्याने धोका कमी होतो, जात नाही. कदाचित त्यामुळेच इतकी वर्षं मिळाली असतील." कदाचित. मला त्या कदाचितचा राग यायला हवा होता. आला नाही.

तेव्हापासून मला काही वाटेनासं झालं. दाढ काढायच्या आधी सुई देतात, मग गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं. गणवेश शिवत होते. बाह्या, कॉलर, काजं, बटणं. हे एकच प्रश्न पाच वेळा विचारायचे, मी पाच वेळा उत्तर द्यायचे, पाचही वेळा सारख्याच आवाजात. मुलगा फोनवर रडला, मी त्याला जेवलास का विचारलं. बहीण म्हणाली, मन मोकळं कर, रडून घे. मी म्हटलं, करते, आणि फोन ठेवून उरलेली बटणं लावली. एकदा हे अंघोळीहून आले आणि मला म्हणाले, "मावशी, टॉवेल द्या." मी दिला. मिनिटभराने स्वतःच ओशाळून हसले, "अगं, तू होय." मी म्हटलं, "होय, मीच." त्यात रडण्यासारखं होतं, ते मला दिसत होतं. नुसतं दिसत होतं.

आता जे सांगायचं ते ह्या पुढचं. निवृत्तीनंतरही दरवर्षी नवी मुलं आली की पहिला मेंदू त्यांना मामांनीच दाखवायचा, असा विभागात रिवाज पडला होता. विभागप्रमुख मॅडमही कधीकाळी मागच्या टेबलाशी उभ्या राहून शिकलेल्या. त्यांचा ह्या वर्षीही फोन आला आणि नेमका ह्यांनीच उचलला. मी मॅडमना नंतर फोन करून खरं काय ते सांगितलं. मॅडम फोनवर रडल्या, मी थांबले. मग त्या म्हणाल्या, "मामी, तुम्ही ठरवा. आणायचं म्हणालात तर मी शेजारी उभी राहीन. जड जातंय असं दिसलं तर वेळ संपली म्हणेन."

बाहेरच्या जगात ह्यांची एकच जागा, जिथे ह्यांचा शब्द खाली पडत नसे. शंभर मुलांसमोर, मेंदू हातात धरून, ह्यांना पुढचं काही आठवलं नाही तर? मुलं वाईट नसतात, पण मुलं ती मुलंच. कोणीतरी फिसकन हसणारच. मुलगा म्हणाला, "आई, नको. बाबांचं नाव आहे तिथे, ते तसंच राहू दे." त्याचं खोटं नव्हतं. पण ह्यांनी आवक खिडकी बंद असून हा एक कागद कसा कोण जाणे आत घेतला होता. पांढरा ऍप्रन इस्त्री करून दाराच्या खुंटीला लावला, आणि रोज सकाळी त्याच्याखाली उभे राहून विचारायचे, "आज का गं?" मी फार मोठ्या मनाने काही ठरवलं, असं कोणी समजू नये. 'आज नाही' म्हणून म्हणून मी दमले होते.

गेलो. बत्तीस वर्षांत मी फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. लांबट हॉल, स्टीलची टेबलं, भिंतीला ओळीने तोट्या, आणि तो वास. आमच्या त्या वेगळ्या बादलीचा वास. मॅडमनी मला बाहेर व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर बसवलं; तिथून उघड्या दारातून आतलं सगळं दिसत होतं. ह्यांच्या ऍप्रनचं एक बटण चुकलं होतं, वरचं खालच्या काजात. मी उठून सुधारणार होते, पण तोवर हे टेबलाशी पोचले होते.

हातमोजे घातले. तबकातला मेंदू उचलला, घरी कधी काही उचललं नाही इतक्या जपून, दोन्ही हातांनी, खाली बोटं पसरून. आणि बोलायला लागले. पुढचा भाग, बाजूचा, मागचा. छोटा मेंदू, देठ. कुठे अडखळले नाहीत, कुठे शोधलं नाही. घरात स्वतःच्या चपला न सापडणारा माणूस, त्याचं बोट एका रेषेवरून दुसऱ्या रेषेवर न बघता जात होतं. मामीचा विनोद केला, मुलं हसली. दहा मिनिटांनी तोच विनोद पुन्हा केला. मी बाकाची कड धरली. मुलं पुन्हा हसली, जरा जास्तच. शहाण्या घरची असणार.

आवक खिडकीपाशी आले तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "मामा, ही बंद पडली तर त्या माणसाला कळतं का?"

हे थोडे थांबले. मॅडम अर्धं पाऊल पुढे आल्या.

"कळतं की," हे म्हणाले. "काहीतरी निसटलंय एवढं कळतं. काय निसटलं ते नाही कळत. म्हणून अशा माणसावर खेकसू नये. त्याला वाटतं आपण कोणाचं तरी काहीतरी हरवलंय." आणि लगेच मेंदू उलटा करून खालच्या रक्तवाहिन्या दाखवायला लागले. मॅडम मागे सरकल्या.

पाऊण तासाने मुलांनी टाळ्या वाजवल्या. कोणी फिसकन हसलं नाही. ह्यांची जागा ह्यांचीच राहिली होती. मला वाटलं, झालं, आता घरी जाऊन भात टाकायचा.

हे तोटीखाली हात धुऊन, पुसत पुसत बाहेर आले. मी उठणार, तोच माझ्यापुढे थांबले. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघितलं. मीही मान वळवली. बाकाच्या वर पाटी होती, देहदानासाठी आलेल्या नातेवाइकांनी येथे बसावे. हे माझ्या शेजारी बसले, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

"ताई," म्हणाले, "कोणाला आणलंय?"

ह्या आवाजात हे माझ्याशी कधी बोलले नव्हते. संसारात आमचं बोलणं म्हणजे हाका, टोमणे, दूध आणि बिलं. इतका मऊ आवाज ह्यांच्याकडे आहे आणि तो रोज इथे, ह्या बाकावर, परक्या माणसांसाठी निघत होता, ते मला आज कळत होतं. मला वाईट वाटलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, ते हे.

"माझ्या नवऱ्याला," मी म्हटलं. तोंडातून कसं निघून गेलं, माहीत नाही.

"आजारी होते का बरेच दिवस?"

"हो."

"सगळं तुम्हीच केलंत?"

"हो."

ह्यांनी मान हलवली. "आम्ही नीट सांभाळतो त्यांना, ताई. इथे कोणी वेडंवाकडं बोलत नाही. मुलं आधी हात जोडतात, मग शिकतात. मी असतो ना इथे."

मग मात्र मला आवरलं नाही. पदर तोंडात धरला तरी आवाज फुटला. हे गप्प राहा म्हणाले नाहीत, पाठीवर हात ठेवला नाही, इकडेतिकडे बघितलं नाही. अशी रडणारी माणसं ह्यांनी पुष्कळ पाहिलेली. नुसते बसून राहिले, घाई नसल्यासारखे. मॅडम दारापर्यंत आल्या आणि आम्हाला बघून परत आत गेल्या.

माझं संपल्यावर म्हणाले, "घरी न्यायला कोणी आहे का बरोबर?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही सोडाल का?"

"सोडतो की. त्यात काय."

वाट मी दाखवत होते. हे दोन हात अंतर ठेवून चालत होते, रस्ता ओलांडताना हात वर करून गाड्या थांबवत होते. जिना चढलो. मी कुलूप काढलं, दार उघडलं आणि आत झाले. हे उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, चपला काढेनात.

"या ना," मी म्हटलं. "चहा घेऊन जा."

"नको ताई, निघतो," हे म्हणाले. "घरी बायको वाट बघत असेल."